रेडिएटर नवा, तरी गाडी हीट मारते : प्रकल्प नोंदी

गाडी : २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, ९१ हजार किलोमीटर. जागा : घोडबंदर रोडवर मानपाड्याला आमच्या सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग. हात : माझे आणि बाबांचे. बाबा एसटीच्या खोपट आगारात मेकॅनिक होते, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मी रबाळे एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघते. दोघांनाही दुसऱ्याचं ऐकायची फारशी सवय नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवते.

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

मागच्या आठवड्यात कापूरबावडीच्या सिग्नलला पुढच्या टेम्पोने कच्चकन ब्रेक दाबला आणि आमची गाडी त्याच्या मागच्या हुकावर जाऊन बसली. वेग दहा-पंधराचा असेल. बाहेरून बघाल तर बंपरला वाटीएवढा पोचा, बस्स. पण हूक जाळीतून सरळ आत घुसला होता. आज बंपर उतरवला तेव्हा खरा हिशेब कळला : रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला तडा, नळ्यांच्या दोन रांगा चेपलेल्या, पंख्याचं कवच फुटलेलं आणि मोटरीचा एक कान तुटलेला. एसीचा कंडेन्सर सगळ्यांत पुढे असूनही वाचला. हूक त्याच्या वरून गेला. पत्र्या थोड्या वाकल्यात, गळती नाही. वरचा होज पाइप बाबांनी दोन बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाले, "हाही गेलाय. टेम्पोने नाही, वयाने."

रेडिएटर, पंखा मोटरीसकट, कवच, वरचा होज, चार क्लिपा आणि कूलंट अशी यादी झाली. कंपनीचा पंखा मागवला तर दहा दिवस आणि किंमत जवळजवळ तिप्पट, म्हणून दुकानदाराने दाखवलेला बाहेरचा घेतला. आईचं म्हणणं, पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणायच्या नसतात. मी म्हटलं, रेडिएटर घरात कुठे येतोय, तो पार्किंगमध्येच राहणार. ती काही बोलली नाही, पण पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

सकाळी साडेसातला सुरुवात, दुपारी दोनला गाडी चालू.

रेडिएटर बसवणं सोपं, दोन रबरी बुश आणि वर दोन बोल्ट. वेळ खाल्ला तो पंख्याने. कवचात बसला छान, पण त्याचा सॉकेट आमच्या वायरिंगला लागेना. मोटरीतून दोन वायरी बाहेर, एक निळी, एक काळी. गाडीच्या बाजूलाही दोनच, एक निळ्यावर पट्टा असलेली आणि एक नुसती काळी. सॉकेट कापले, काळीला काळी आणि निळीला निळी जोडून क्रिंप केलं, वर हीट-श्रिंक नळी चढवली. क्रिंप इतका सुबक आला की बाबांना मुद्दाम दाखवला.

कूलंट तयार मिश्रणाचं, अर्धं ग्लायकॉल, अर्धं पाणी. आमच्या भागात गोठण्याची भीती कुणालाच नाही, पण ग्लायकॉलमुळे पाणी उशिरा उकळतं आणि त्यातली रसायनं ॲल्युमिनियमला गंज लागू देत नाहीत. नळाचं पाणी भरलं की आत क्षार धरतात. "आम्ही बसमध्ये आयुष्यभर नळाचंच पाणी भरलं," बाबा म्हणाले. त्या बसच्या रेडिएटरचं पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, रेडिएटरशेजारच्या जास्तीच्या कूलंटच्या बाटलीसह ४.५ लिटर. आत गेलं फक्त २.६. लिटरभर जुनं इंजिनाच्या ब्लॉकमध्ये राहून जातं, तरी गणित जुळत नाही. इथे लिहून ठेवते, नंतर बघू.

तपासणी :
गळती : नाही ✓
वरचा होज गरम : हो ✓
पंखा : एसी लावल्याबरोबर चालू, आवाज व्यवस्थित ✓
लाल दिवा : नाही ✓

सोमवार, ३० सप्टेंबर

नाही म्हणता म्हणता लाल दिवा लागलाच.

सकाळी ऑफिसला निघाले. माजिवडा, मग कळव्याचा पूल, इथपर्यंत सगळं ठीक. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली नेहमीची कोंडी. दहा मिनिटं इंच-इंच सरकत होते, तेवढ्यात आधी एसीची हवा कोमट झाली आणि मग तापमानाचा लाल दिवा. या गाडीला तापमानाचा काटा नाही. थंड असताना निळा दिवा, फार तापली की लाल, मधलं काही सांगायची सोय नाही. म्हणजे लाल दिवा दिसतो तेव्हा इशाऱ्याची वेळ टळून गेलेली असते.

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर चारवर. ठाण्याच्या दमट हवेत हीटर लावून बसलेली बाई शेजारच्या रिक्षावाल्याने डोळे विस्फारून पाहिली. पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे दडलेला छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता त्यातून आपल्या अंगावर येते आणि इंजिन जरा सावरतं. पुढे दिघ्याला डावीकडे जागा मिळाली, तिथे इंजिन बंद केलं.

चाळीस मिनिटं झाकणाला हात लावला नाही. झाकणावर ०.९ असं कोरलंय, म्हणजे ०.९ बार दाब. त्या दाबाखाली साधं पाणीही सुमारे ११८ अंशांना उकळतं, १०० ला नाही. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि आतलं ११० अंशांचं पाणी जागच्या जागी वाफ होऊन तोंडावर येतं. बाबांच्या आगारात एकाचा हात असाच कोपरापर्यंत भाजला होता, ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय.

गार झाल्यावर उघडलं तर रेडिएटर वरून रिकामा दिसला. सोबतच्या बाटलीतून पाऊण लिटर ओतलं आणि ऑफिस गाठलं. संध्याकाळी उशिरा, रस्ता मोकळा झाल्यावर परत. धावत्या गाडीत काही त्रास नाही. एसी धावताना गार, सिग्नलला कोमट. धडकेत गॅस थोडा गेला असावा.

बुधवार, २ ऑक्टोबर

गांधी जयंतीची सुट्टी. आज हवा काढायची.

रेडिएटर बदलला की इंजिनाच्या वरच्या भागात, हीटरच्या नळ्यांत हवेचा फुगा अडकतो. पाणी तिथपर्यंत पोचत नाही, पाणी फिरवणारा पंप हवा घुसळत बसतो आणि सेन्सरभोवती कधी पाणी, कधी वाफ. मेकॅनिक म्हणतात, "एअर धरलीय." रविवारी भरताना मी हीटरची कळ थंडवर ठेवली होती. मुंबई-ठाण्यात ती कळ कोण हलवतं? आमची तर दहा वर्षांत कधी हलली नसेल. पण कळ थंडवर असली की काही गाड्यांत हीटरकडे जाणारा रस्ताच बंद राहतो आणि तिथली हवा तिथेच.

आजची पद्धत : सोसायटीच्या उतारावर गाडीचं नाक वर करून उभी केली, मागच्या चाकांना दगड. हीटर पूर्ण गरमवर. दोन लिटरची बाटली कापून रेडिएटरच्या तोंडावर चिंधी गुंडाळून घट्ट बसवली, म्हणजे तोंडापेक्षा वर पाण्याचा साठा राहतो. इंजिन चालू, बाबा सीटवर, दोन-अडीच हजारांवर रेस धरायची आणि सोडायची. मी खाली होज दाबतेय, सोडतेय. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप, उघडेपर्यंत काहीच घडत नाही. मग एकदम पाणी खाली जातं आणि बुडबुडे येतात, मोठे, ढेकर दिल्यासारखे. पंचवीस मिनिटं हाच उद्योग. आणखी साडेसहाशे मिली आत गेलं. रविवारचं गणित आता साधारण जुळलं.

थोडं कूलंट सांडलं ते लगेच पाण्याने धुऊन, भुसा टाकून उचललं. सेक्रेटरींनी डागाबद्दल तोंड वाकडं केलं. मला काळजी पार्किंगमधल्या मांजरांची. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडांना घातक. चार थेंबही चाटायला राहता कामा नयेत.

वॉचमनकाकांची खुर्ची गाडीच्या पुढे असते. दुपारी ते खुर्ची उचलून पलीकडे गेले. "मॅडम, तुमच्या गाडीची झळ लागतेय पायाला." इंजिन तासभर चालू होतं, लागणारच.

ब्लूटूथचा ओबीडी डोंगल मागवला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारा. कारखान्यात मी आकड्यांशिवाय कुणाचं ऐकून घेत नाही आणि स्वतःच्या गाडीत दोन दिव्यांवर भरवसा ठेवून बसलेय.

शनिवार, ५ ऑक्टोबर

सकाळी सहाला गायमुखपर्यंत जाऊन परत. आता फोनवर तापमान दिसतं.

पातलीपाडा ते कासारवडवली, ६० च्या वेगाने, एसी बंद : ८६ ते ८८.
तेच, एसी चालू : ८९ ते ९१.
गायमुखच्या अलीकडे कडेला उभी, इंजिन चालू, एसी बंद : ९०, ९४, ९७. इथे पंखा सुरू झाला. मग ९८, १००, १०२, १०४. आणि १०४ ला थबकली.
एसी लावला : सहा मिनिटांत १०९. बंद केला.

येताना मेट्रोच्या कामापाशी अडकले. पुन्हा १०७, पुन्हा हीटर, पुन्हा घामाच्या धारा.

पंखा सुरू झाला की दीड-दोन मिनिटांत तापमान चार-पाच अंशांनी उतरून पंखा बंद व्हायला हवा. इथे पंखा घोंघावतोय आणि तापमान चढतंय. माझा तर्क : पाणी नीट फिरत नाही. एक तर थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, नाहीतर पंपाची पाती झिजलीत, नाहीतर हवा अजून आहे.

दुपारी नाक्यावरच्या एका गॅरेजात नुसतं विचारायला गेले. त्यांनी बोनेटही न उघडता सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय. लाल दिवा लागल्यावर चालवली ना तुम्ही? हेड उतरवावं लागेल." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे तो आणि ब्लॉक यांच्यामधलं सील. अठरा हजारांचा आकडा आणि आठ दिवस. मी हो-नाही न बोलता घरी आले. बाबांना सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प. त्यांनाही तेच वाटत होतं, हे मला त्या गप्पपणावरून कळलं.

रविवार, ६ ऑक्टोबर

सकाळी गार इंजिनावर झाकण उघडलं. रेडिएटरमध्ये पाणी ग्लासभर कमी. बाटलीत मात्र वरच्या खुणेच्याही वर दोन बोटं. काल निघताना दोन्हीकडे बरोबर होतं.

हे लिहून ठेवण्यासारखं आहे. पाणी कुठे गेलं नाही, जागा बदलून बसलं.

व्हायला असं हवं : इंजिन तापलं की पाणी फुगतं, झाकणाची मोठी स्प्रिंग दबते, जास्तीचं पाणी बारीक नळीतून बाटलीत जातं. इंजिन गार झालं की रेडिएटरमध्ये पोकळी होते, झाकणाच्या मधोमध असलेली चिमुकली झडप उघडते आणि बाटलीतलं पाणी परत ओढलं जातं. आमच्याकडे जाणं होतंय, येणं होत नाही. पाण्याऐवजी हवा आत येतेय. म्हणजे बुधवारी काढलेली हवा रोज रात्री परत मुक्कामाला.

थर्मोस्टॅट काढून आईच्या जुन्या पातेल्यात दोऱ्याने टांगला, सोबत थर्मामीटर. (पातेलं आता पार्किंगचंच झालं, परत ओट्यावर येणार नाही, असं लेखी घेतल्यासारखं आईने वदवून घेतलं.) वर ८२ असं कोरलंय. ८१ वर फट दिसली, ९३ ला पूर्ण उघडला, गार होताना मिटला. थर्मोस्टॅट सुटला यादीतून. परत बसवताना त्यावरची छोटी हलती पिन वरच्या बाजूला ठेवली. हवा जायची वाट तीच.

हवा कुठून येते याची दोन उत्तरं. एक तर सिलिंडरमधला जळका वायू गॅस्केटमधून पाण्यात शिरतोय. नाहीतर बाहेरून.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे ब्लॉक टेस्टर निघाला. काचेची नळी, त्यात निळा द्रव, खाली रबरी बूच रेडिएटरच्या तोंडावर दाबायचं आणि वरचा फुगा दाबत रेडिएटरमधली हवा त्या द्रवातून ओढायची. त्या हवेत जळक्या वायूतला कार्बन डायऑक्साइड असला की निळ्याचा पिवळा होतो. दहा मिनिटं ओढली. निळा तो निळाच. खात्रीसाठी तोच द्रव सायलेन्सरजवळ धरून ओढला तर अर्ध्या मिनिटात पिवळा. म्हणजे औषध जिवंत होतं.

शिवाय ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा थर नाही, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ, सायलेन्सरमधून पांढरा गोड वासाचा धूर नाही. गॅस्केट ठीक आहे. बाबांना फोन करून सांगितलं. "बरं," म्हणाले. त्या एका शब्दात अठरा हजार रुपये होते.

गुरुवार, १० ऑक्टोबर

संध्याकाळी भाड्याने आणलेल्या हातपंपाने दाबाची परीक्षा. रेडिएटरच्या तोंडावर लावून ०.९ बारपर्यंत दाब दिला, वीस मिनिटं काटा हलला नाही. बाबांनी टॉर्च घेऊन प्रत्येक जोड पाहिला. कोरडा. दाब टिकतोय आणि रात्री हवा शिरतेय, दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

उत्तर जेवताना सुचलं, हात धुवायच्या आत खाली गेले. झाकणाचा मुख्य रबर तोंडाच्या आतल्या कडेवर बसतो. बाटलीकडे जाणारी बारीक नळी त्या कडेच्या वर निघते. पंपाचं बूचही त्याच कडेवर बसतं. म्हणजे दाबाच्या परीक्षेत ती नळी येतच नाही, परीक्षेला गैरहजर आणि निकालात पास.

ती नळी जुनीच वापरली होती. बोटभर रबर, कोण बदलतं? क्लिप सरकवली तर खाली नखाएवढी उभी चीर, हुकाच्या धक्क्याने क्लिपच रुतली असणार. चिरेभोवती कूलंटची सुकलेली हिरवट खपली. ती मी बुधवारी पाहिली होती आणि सांडलेलं समजून फडक्याने पुसली होती! पाणी जाताना जोरात जातं, चिरेतून एखादा थेंब सोडून पुढे निघतं. परत येताना मात्र दीड फूट खालून पाणी खेचण्यापेक्षा शेजारच्या चिरेतून हवा ओढणं रेडिएटरला सोपं.

अर्धा मीटर नवी नळी, साठ रुपये.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

नळी बदलली, बुधवारसारखी पुन्हा हवा काढली, रात्री वीस किलोमीटर फिरवली. थांबल्यावरचे आकडे : ९७ ला पंखा, मग १००, १०२, १०३.

एका अंशाचा फरक.

आज जास्त लिहायची इच्छा नाही. बाबा म्हणतात, पंप बघू. पंपापर्यंत पोचायचं तर बरंच काही उतरवावं लागेल. उद्या दसरा, उद्या हत्याराला हात लावायचा नाही, पूजा करायची.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

पान्यांचा डबा, मल्टिमीटर आणि बाबांचा आगारातला टॉर्क रेंच पाटावर मांडले. मग खाली गाडीची पूजा. पुढच्या जाळीवर झेंडूची माळ, आपट्याची पानं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. बाबा नारळ घेऊन पुढे उभे, आईने सांगितलं, गाडी चालू कर. मी चालू केली आणि सवयीने एसीचं बटण दाबलं.

पंखा सुरू झाला. आणि जाळीवरची माळ उडाली.

उडाली म्हणजे सुटून पडली नाही. मधला झोळ जाळीपासून सुटून पुढे, बाबांच्या दिशेने, हातभर वर उचलला गेला आणि तिथेच थरथरत राहिला. दोन पाकळ्या बाबांच्या धोतरावर. मी एसी बंद केला, माळ जाळीला टेकली. पुन्हा लावला, पुन्हा बाहेर.

बाबा नारळ हातात धरून माळेकडे बघत होते. मीही. आई म्हणाली, "फोडा की, मुहूर्त जाईल."

पंख्याने हवा बाहेरून आत ओढायची असते. पुढची गार हवा कंडेन्सरमधून, रेडिएटरमधून इंजिनाकडे. आमचा पंखा इंजिनाजवळची तापलेली हवा उलट रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. माळ तर आत खेचली जाऊन जाळीला चिकटायला हवी.

नारळ फोडला, सोनं वाटलं, श्रीखंड-पुरी जेवले, आणि हत्याराला हात न लावायचा नियम पाळला. पण टिश्यू पेपर हे काही हत्यार नव्हे. जाळीसमोर धरला, तो झेंड्यासारखा बाहेर फडफडला.

वॉचमनकाकांच्या पायाला लागलेली झळ आता कळली. सिग्नलला एसी कोमट का व्हायचा तेही कळलं. कंडेन्सरला गार हवेऐवजी इंजिनाची वाफाळ हवा मिळत होती, गॅस बिचारा जागच्या जागी होता. आणि गाडी धावताना का बरी असायची? समोरून येणारा वारा उलट्या पंख्याला दाबून टाकतो. शिवाय एसी बंद असेल तर धावताना पंखा बहुतेक लागतच नाही. पंख्याची पाती एका दिशेसाठीच वळवलेली असतात, त्यामुळे उलटा फिरतानाही तो थोडी हवा हलवतो. म्हणून १०४ वर थांबायची, एकदम उकळायची नाही. पूर्ण बंद असता तर पहिल्याच दिवशी सापडला असता.

बाबांना वाईट वाटलंय, हे दिसत होतं. त्यांच्या बसचा पंखा पट्ट्यावर. "इंजिन उलटं फिरेल तरच पंखा उलटा फिरेल," म्हणाले. "दिशा बघायची असते हे डोक्यातच नव्हतं." त्यांचं ठीक आहे. मी कुठल्या तोंडाने बोलू? आमच्याकडे कारखान्यात पंपाची मोटर बदलली की कपलिंग जोडायच्या आधी ती क्षणभर फिरवून दिशा बघतात, केसिंगवरच्या बाणाशी ताडून. दोन फेज अदलाबदल झाल्या की मोटर उलटी, हे शिकाऊ मुलांना मी स्वतः सांगते. दोन वायरींच्या डीसी मोटरीत तर प्लस-मायनस बदललं की झालं.

रविवार, १३ ऑक्टोबर

मल्टिमीटर. गाडीच्या बाजूची काळी वायर अर्थ आहे, बॅटरीच्या मायनसशी सरळ जोडलेली. दुसरीवर पंखा चालू असताना १३.८ व्होल्ट. इथपर्यंत माझं बरोबर. मग मोटर सोडवून थेट बॅटरीवर लावून पाहिली : काळी प्लसला आणि निळी मायनसला लावली तरच हवा आत ओढते. काळी म्हणजे मायनस ही समजूत माझी होती, मोटरीची नव्हती. खोक्यात कागद नव्हता, आणि असता तरी मी वाचला असता का, कोण जाणे.

माझा तो सुबक क्रिंप कापला. उलटसुलट जोडला. या वेळी तितका देखणा आला नाही.

टिश्यू पेपर जाळीला थाडकन चिकटला. मग पार्किंगमध्येच, बाहेर ३३ अंश :
एसी बंद : ९७ ला पंखा सुरू, ५० सेकंदांत ९२, पंखा बंद. दोन-अडीच मिनिटांनी पुन्हा ९७, पुन्हा तेच. सहा वेळा मोजलं, प्रत्येक वेळी ४५ ते ५५ सेकंद.
एसी चालू, पंखा सतत : वीस मिनिटांनंतर ९१.
वॉचमनकाकांना मुद्दाम पुढे उभं केलं. "आता काय लागत नाय," असा निकाल मिळाला.

सोमवार आणि मंगळवार, १४-१५ ऑक्टोबर

सोमवारी नेहमीच्या रस्त्याने. विटाव्याला बारा मिनिटं, कमाल ९७.

मंगळवारी मुद्दाम लांबचा रस्ता धरला, मुलुंड आणि ऐरोली पुलावरून. आदल्या रात्री बारापासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ झालाय. आनंदनगर आणि ऐरोली, दोन्हीकडे फुकट जायचं अप्रूप. तरी नाक्यावर सगळे सवयीने हळू होत होते, काहींचे हात खिशाकडे. गर्दीही तेवढीच. परीक्षेला यापेक्षा चांगली जागा नाही. एसी चालू, कमाल ९५. पुलावर वारा होता, तिथे ८७.

काच खाली केली नाही. एसी इतका गार की बाबांनी मागच्या सीटवरून बंद करायला सांगितलं. ते रबाळ्याला कशाला आले होते, याचं त्यांनी दिलेलं कारण इथे लिहीत नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

आठवडाभर रोज सकाळी दोन्ही पातळ्या पाहिल्या. रेडिएटर तोंडापर्यंत, बाटली दोन खुणांच्या मध्ये. काल रात्री गरम असताना बाटली बोटभर वर, आज सकाळी पुन्हा खाली. जाणं-येणं सुरू झालं. झाकणाचा रबर कडक झालाय, म्हणून ०.९ चंच नवं झाकण बसवलं. खालचा होज दिवाळीनंतर बदलायचा. काढलेलं जुनं कूलंट पाच लिटरच्या कॅनमध्ये, झाकण घट्ट लावून. ज्या वर्कशॉपमध्ये वापरलेलं ऑइल गोळा करतात, तिथे देणार. गटारात नाही.

बंपर पुन्हा उतरवून कंडेन्सरच्या वाकलेल्या पत्र्या जुन्या टूथब्रशने आणि सुईने सरळ करत बसले होते. दसऱ्याची माळ केव्हाच काढली, पण पत्र्यांवर बाहेरच्या बाजूने झेंडूच्या पाच-सहा पाकळ्या चपट्या होऊन चिकटलेल्या सापडल्या, वाळून कुरकुरीत. बाबांना हाक मारून दाखवल्या. त्यांनी चष्मा वर सरकवून एकेक पाहिली आणि म्हणाले, "असू दे त्या."